कोर्तेस समुद्रातील कयाक मासेमारी

मेक्सिकोच्या वायव्येकडील बाहा कॅलिफोर्निया हे लांबट द्वीपकल्प आणि मेक्सिकोची मुख्य भूमी यांच्यामधील कॅलिफोर्नियाच्या आखातात, म्हणजेच कोर्तेस समुद्रात, वल्ह्याने किंवा पायांनी चालवायच्या कयाक या एकआसनी, अरुंद होडीतून रॉड आणि रिळाच्या साहाय्याने मोठे, झुंजार मासे पकडण्याचा हा छंद आहे. सुट्टीसाठी आलेले पर्यटक, त्यातही अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे हौशी मच्छीमार, तो मोठ्या प्रमाणावर जोपासतात. जाळी टाकून केलेल्या मासेमारीशी त्याचा संबंध नाही. कोकणात गरी टाकून मासे धरण्याला ‘गरवणे’ म्हणतात, तो शब्द या छंदाला अधिक नेमका लागू पडतो.

येथे वापरली जाणारी कयाक ही आर्क्टिक प्रदेशातील इनुइट लोकांच्या कातड्याने मढवलेल्या बंदिस्त कयाकपेक्षा बरीच वेगळी असते. ती पॉलिएथिलीन या प्लास्टिकच्या एकसंध साच्यातून काढलेली, साधारण साडेतीन ते साडेचार मीटर लांब असून माणूस तिच्या आत नव्हे, तर वर बसतो. वर आलेले पाणी तळापर्यंत आरपार गेलेल्या भोकांतून आपोआप निचरून जाते आणि उलटली तरी ती बुडत नाही. पाण्यात पडलेल्या माणसाला ती सरळ करून पुन्हा वर चढता येते. हा प्रकार 1970 च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात रुजला. 1997 मध्ये होबी कंपनीने पायांनी हलवायच्या पंखांची यंत्रणा बाजारात आणली आणि त्यामुळे हात रॉडसाठी मोकळे राहू लागले. कोकणातल्या छोट्या होडीला तोल सांभाळणारी उलांडी असते. कयाकला ती नसल्याने सगळा तोल बसणाऱ्याच्या कमरेत असतो.

या छंदाचे वैशिष्ट्य मासा गळाला लागल्यानंतरच कळते. मोठ्या बोटीवर माणूस स्थिर पायावर उभा राहून माशाला खेचतो. कयाकमध्ये मात्र मासा कयाकसह माणसाला ओढत नेतो. पेझ गायो, म्हणजे ‘कोंबडा मासा’, हा येथील सर्वांत नावाजलेला प्रतिस्पर्धी होय. त्याच्या पाठीवर सात लांब, दोऱ्यासारखे काटे असतात, ते एरवी पाठीच्या खाचेत मिटलेले असतात आणि शिकारीच्या वेळी तुऱ्यासारखे उभे राहतात. वाळूच्या किनाऱ्यालगत लिसा नावाचा जिवंत मासा आमिष म्हणून गरीला लावून कयाक हळूहळू पुढे नेली जाते. शिकारी जवळ आला की प्रथम रॉडच्या टोकाला लिसाची भेदरलेली थरथर जाणवते, मग लिसा पृष्ठभागावर येऊन सैरावैरा उड्या मारू लागतो आणि त्याच्या मागे काळसर तुरा पाणी कापत वळणे घेताना दिसतो. या क्षणी घाईने झटका दिला तर आमिष माशाच्या तोंडातून निसटते. तंगूस, म्हणजे गरीचा दोर, मोकळा सोडून मासा आमिष गिळेपर्यंत थांबणे हेच यातले खरे कसब आहे.

त्यानंतर कयाकची नाळ, म्हणजे पुढचे टोक, माशाच्या दिशेने वळते आणि ती पाण्यावरून ओढली जाऊ लागते. पाहणाऱ्याला हे धोक्याचे वाटते, पण प्रत्यक्षात त्यातच माणसाचा फायदा आहे. सरकणारी कयाक धक्के शोषून घेते, त्यामुळे दोर अचानक तुटत नाही आणि तिला ओढता ओढता मासाही दमतो. खरा धोका ओढ आडवी येते तेव्हा असतो. रॉड बाजूला धरून रिळाचा ब्रेक आवळला, तर तीच ताकद कयाक कलंडवण्यास पुरेशी ठरते. म्हणून रॉड नेहमी नाळेच्या रोखाने ठेवावा आणि मासा थेट कयाकखाली शिरला तर रॉडचे टोक पाण्यात बुडवून, नाळेला वळसा घालून दुसऱ्या बाजूला न्यावे, असे जाणकार सांगतात.

हुरेल या माशाची गोष्ट वेगळी आहे. हिवाळा व वसंतात बाहाच्या पूर्व किनाऱ्यावरील लोरेतो गावासमोरच्या बेटांजवळ तो खोल खडकांवर आढळतो आणि गरी लागताच खडकांच्या कपारीत घुसून दोर कापण्याचा प्रयत्न करतो. अशा वेळी खडकापासून दूर वल्हवत जाऊन माशाला मोकळ्या पाण्यात ओढावे लागते. उन्हाळ्यात पाणी तापले की तरंगत्या शेवाळाच्या सावलीत हिरवा-सोनेरी दोरादो येतो. तो पाण्याबाहेर उड्या घेतो आणि कयाकवर घेतल्यानंतरही तडफडत राहतो, म्हणून त्याला वर घेण्यापूर्वी पुरता दमवणे आवश्यक असते. खाण्यासाठी तो उत्तम आहे, शिवाय त्याची वाढ अतिशय झपाट्याने होते. पेझ गायो मात्र पाण्यात परत सोडावा, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. त्याच्या मांसाला फारशी मागणी नाही आणि त्याचे मोल त्याच्या झुंजीत आहे. या जातीच्या माशाचा जागतिक विक्रम 1960 मध्ये याच आखातातील ला पाझ येथे नोंदला गेला. त्या माशाचे वजन 114 पौंड, म्हणजे सुमारे 51.7 किलो होते.

येथील खरा प्रतिस्पर्धी वारा आहे. हे आखात सुमारे 1,100 किलोमीटर लांब आणि तुलनेने अरुंद असल्याने हिवाळ्यात वाहणाऱ्या ‘एल नोर्ते’ या उत्तरेच्या वाऱ्याला लाटा उभ्या करण्यासाठी लांबलचक पाणी मिळते. तो एकदा सुरू झाला की काही दिवस टिकतो आणि आखूड, उभ्या लाटांमुळे कयाकला पुढे जाणे अशक्य होते. पश्चिमेचा, जमिनीकडून येणारा वारा त्याहूनही फसवा असतो, कारण किनाऱ्याजवळ पाणी सपाट दिसते आणि कयाक बाहेर सरकत असल्याचे उशिरा लक्षात येते. म्हणून पहाटे निघावे, वारा वाढण्यापूर्वी परतावे, जीवरक्षक जाकीट अंगातच घालावे आणि रॉड, वल्हे व चाकू कयाकला दोरीने बांधून ठेवावेत, हे नियम स्थानिक वाटाडे कटाक्षाने पाळतात. काही ठिकाणी ‘पांगा’ या मोटरबोटीवर कयाक लादून दूरच्या बेटापर्यंत नेतात आणि ती बोट दिवसभर जवळपास राहते. नवख्यासाठी हीच पद्धत योग्य होय.

सुट्टीवरच्या माणसाची अडचण कौशल्याची असते, पण त्याहून जास्त दिवसांची असते. परतीचे विमान शनिवारी असेल आणि मासा अजून लागलेला नसेल, तर शुक्रवारच्या सकाळी वारा पडेल अशी आशा करून पाण्यात उतरण्याचा मोह होतो. म्हणून मुक्कामातले एक-दोन दिवस वाऱ्याच्या नावाने आधीच सोडून द्यावेत.

मेक्सिकोच्या कायद्यानुसार किनाऱ्यापासून 50 सागरी मैलांच्या पट्ट्यात दोरादो, पेझ गायो आणि मार्लिनसारखे काही मासे केवळ क्रीडा मासेमारीसाठी राखीव आहेत. एका व्यक्तीला दिवसाला एकूण 10 मासे ठेवता येतात, त्यांतही एका जातीचे पाचांपेक्षा जास्त नाहीत आणि दोरादो किंवा पेझ गायो दोनच. लोरेतोसमोरचा समुद्र व पाच प्रमुख बेटे 1996 पासून राष्ट्रीय उद्यानात आहेत. दक्षिणेकडील काबो पुल्मो या 1995 मध्ये घोषित झालेल्या उद्यानात मासेमारी पूर्णपणे थांबवण्यात आली आणि तिथले पूर्वाश्रमीचे कोळी पर्यटकांना समुद्र दाखवू लागले. 1999 ते 2009 या दहा वर्षांत तिथल्या प्रवाळांवरील माशांचे एकूण वजन चारशे साठ टक्क्यांहून अधिक वाढल्याचे मोजणीत आढळले. त्या उद्यानाच्या हद्दीत कयाक नेता येते, पण गरी टाकता येत नाही.