उंचीची भीती आणि तिच्यावरील उपचार: पार्श्वभूमी

भीती वाटते त्याच ठिकाणी टप्प्याटप्प्याने जाणे आणि ती ओसरेपर्यंत तिथे थांबणे, हा उंचीच्या भीतीवरचा आज सर्वाधिक मान्यता असलेला उपचार आहे. त्याचे एक जुने आणि तपशीलवार वर्णन मात्र डॉक्टरने नव्हे, तर जर्मन कवी गटे याने लिहून ठेवले आहे. १७७० मध्ये तो कायद्याच्या शिक्षणासाठी स्ट्रासबर्गला आला, तेव्हा त्याला उंचावर घेरी येत असे. तेथील कॅथेड्रलचा १४२ मीटर उंच मनोरा ही त्या काळी जगातील सर्वांत उंच वास्तू होती. गटे एकटाच तिच्या टोकापर्यंत चढे, कळसाखालच्या निमुळत्या जागेत पाव तास बसून राही आणि मग धरायला काहीही नसलेल्या, जेमतेम हातभर लांबरुंद जागेवर उघड्यावर येऊन उभा राही. भीतीची धार जाईपर्यंत त्याने हे पुन्हा पुन्हा केले. मोठा आवाज सोसत नसे म्हणून लष्करी नगाऱ्यांच्या अगदी शेजारून चालण्याचा उपायही त्याने योजला होता. हा मजकूर त्याने सुमारे चाळीस वर्षांनंतर आत्मचरित्रात लिहिला, त्यामुळे त्यात थोडी सजावट असेलही. पद्धत मात्र आजच्या उपचारकालाही ओळखीची वाटावी अशीच आहे.

शास्त्राला तिथे पोहोचायला बराच काळ लागला. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाची भीती ससा हळूहळू जवळ आणत घालवली. दक्षिण आफ्रिकेतील जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत रुग्णाने अंग सैल सोडून भीतिदायक प्रसंग क्रमाक्रमाने मनात आणायचे असत. म्हणजे मनोरा होता, पण तो कल्पनेतला. पुढे प्रत्यक्ष जागी जाण्याचा परिणाम अधिक दिसू लागला आणि उपचार पुन्हा खऱ्या जिन्यांवर आणि गच्च्यांवर आले.

दरम्यान, ही घेरी म्हणजे निव्वळ मनाचे खेळ नव्हेत, हेही स्पष्ट झाले. उभा माणूस सतत किंचित डुलत असतो आणि जवळच्या स्थिर वस्तूंकडे पाहून डोळे ते डुलणे सावरण्यास मदत करतात. जर्मन मज्जाविकारतज्ज्ञ थॉमस ब्रांट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दाखवले की, उंचावर सर्वांत जवळची वस्तूच दूर असल्याने हे डुलणे डोळ्यांना टिपता येत नाही आणि तोल अधिक ढळतो. हरिहर गडाच्या खड्या पायऱ्यांवर नवख्याला ‘खाली बघू नका’ असे बजावले जाते, ते त्या क्षणी योग्यच असते, कारण नजर जवळच्या कातळावर राहिली की तोल सावरतो. मात्र भीती घालवायची असेल, तर सुरक्षित जागी घट्ट उभे राहून कधीतरी खाली पाहावेच लागते.

१९९५ मध्ये बार्बरा रॉथबॉम, लॅरी हॉजेस आणि सहकाऱ्यांनी संगणकाने रचलेले पूल, बाल्कन्या आणि काचेची लिफ्ट वापरून हा उपचार खोलीत आणला. २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन यांच्या गटाने शंभर जणांवर चाचणी घेतली. तीत उपचारकाच्या जागी संगणकातलीच एक मार्गदर्शक होती आणि रुग्णांना आभासी बहुमजली इमारतीत झाडावरचे मांजर सोडवण्यासारखी कामे दिली होती. उपचार घेतलेल्यांची भीती सरासरी दोन तृतीयांशांनी घटली. तुलनेच्या गटातील बहुतेकांना मात्र कोणताच उपचार मिळत नव्हता, त्यामुळे खऱ्या गच्चीपेक्षा ही आभासी इमारत सरस आहे का, याचे उत्तर त्या चाचणीतून मिळत नाही.