फेसिंग मारलेलं फ्लायव्हील पुन्हा बसवावं का?

मामांच्या गाडीचा गिअरबॉक्स सिल्लोडच्या एका गॅरेजात उतरवला होता. दोन वर्षांपूर्वी दुसरीकडे क्लचप्लेट बदलली होती, फ्लायव्हीलला लेथवर फेसिंगही मारून, म्हणजे त्याचं तोंड कापून सपाट करून घेतलं होतं. तरी पहिल्या गिअरमध्ये गाडी थरथरायची. मेकॅनिकने फ्लायव्हील चिंधीने पुसून उन्हात धरलं. चकचकीत चकतीवर रुपयाएवढे पाच निळसर डाग दिसले. त्याने बारीक कानस घेतली. इतर जागी ती खरखरत चावायची, डागावर मात्र काचेवरून सरकावी तशी सरकायची. "लेथचं टूल बी असंच वरून घसरून गेलं असंल बघा," तो म्हणाला.

कडबा कुट्टीचं मशीन हाताने फिरवलं असेल, तर फ्लायव्हील वेगळं समजवावं लागत नाही. पेंढी पात्याखाली आली की जोर लागतो, तो त्या बिडाच्या जड चाकात साठलेला असतो. इंजिनातही तेच. दर दोन फेऱ्यांत एका सिलिंडरला एकदाच ढकल मिळते. मधला वेळ हे चाक भरून काढतं. मोटारीत त्याच्यावर आणखी एक काम येतं. त्याच्या तोंडावर क्लचप्लेट दाबली जाते आणि घसरताना होणारी उष्णता त्यालाच प्यावी लागते.

ही उष्णता किती? कन्नडच्या घाटात वाहनांची रांग लागली आहे आणि 1200 किलोची गाडी हँडब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर चढावर तोलून धरली आहे असं समजू. दर 10 मीटरला 1 मीटर चढ आणि इंजिन मिनिटाला 1500 फेऱ्यांवर धरलं, तर क्लचमध्ये साधारण पावणेचार किलोवॉट उष्णता तयार होते. एका मिनिटात पाऊण लिटर पाण्याला उकळी येईल इतकी! सपाट रस्त्यावर गाडी उचलताना होणारी उष्णता याच्यापुढे किरकोळ आहे.

अख्खं चाक या उष्णतेने फार तापत नाही. तापते ती वरची पातळ कातडी, तीही जिथे घासण जास्त तिथे. निळा रंग म्हणजे तिथलं तापमान निदान 300 अंशांपर्यंत गेलं होतं. तो नुसता ऑक्साइडचा पापुद्रा, पॉलिश पेपरने निघतो. पण एखादी जागा सव्वासातशे अंशांच्या वर गेली तर बिडाच्या आतली रचनाच बदलते आणि खालचं थंड लोखंड ती उष्णता झटकन ओढून घेतं. लोहार लालभडक विळा पाण्यात बुडवून धारेला पाणी देतो, नेमकं तेच इथे नकळत घडतं. तयार होतं मार्टेन्साइट: अतिशय कठीण, ठिसूळ आणि आधीपेक्षा किंचित जास्त जागा व्यापणारं. म्हणून डाग फुगून वर येतो. भोवतालचं मऊ बीड झिजत जातं, हा उंचवटा तसाच राहतो आणि क्लच थरथरतो. त्यामुळे घासलेलं फ्लायव्हील किती चमकतं यावरून ठरवणं मला साफ चुकीचं वाटतं. कानस जास्त खरं बोलते.

लेथपेक्षा ग्राइंडिंगचा दगड बरा, कारण तो कठीण जागाही कापतो. पण डाग खोलवर गेलेला असेल तर वरचा थर निघाल्यावरही तो खाली शिल्लक असतो.

तडे पाहायला जुनी युक्ती आहे. रॉकेल लावायचं, कोरडं पुसायचं, वर खडूची पूड टाकायची. तड्यात मुरलेलं रॉकेल ओली रेघ उमटवतं. केसासारख्या उथळ रेघा घासून जातात. पण तडा बोल्टच्या भोकापर्यंत किंवा काठापर्यंत पोहोचला असेल तर ते चाक पुन्हा लावू नये. इंजिनाच्या वेगाने फिरणारं बीड फुटलं तर गिअरबॉक्सचं कवच फोडून बाहेर येऊ शकतं.

जाडी कंपनीने दिलेल्या किमान मापाखाली गेली की विषय संपला. काही फ्लायव्हीलना पायरी असते, क्लचप्लेट दाबून धरणारी प्रेशर प्लेट वेगळ्या पातळीवर बसते. तिथे घासणारं तोंड जितकं काढलं तितकीच पायरीही काढावी लागते. हे विसरलं की नव्या प्लेटवरचा दाब बदलतो आणि नवा क्लच पहिल्या दिवसापासून झिजल्यासारखा वागतो. अनेक नव्या डिझेल गाड्यांत दोन वस्तुमानांचं, आत स्प्रिंग असलेलं फ्लायव्हील असतं. त्याला फेसिंगच्या वाटेला न गेलेलंच बरं.

मामांचं चाक छत्रपती संभाजीनगरला ग्राइंडिंगला पाठवलं. 0.3 मिलिमीटर काढून ते परत आलं, तेव्हा निळा रंग कुठेच नव्हता. मेकॅनिकने पुन्हा कानस फिरवली. तीन जागी ती चावली, दोन जागी सरकली. आणखी घासलं असतं तर जाडी मापाखाली गेली असती. गिअरबॉक्स तिसऱ्यांदा उतरवण्याची मजुरी मामांनी मनात मोजली आणि नवं फ्लायव्हील मागवलं.