तारू की कोश? इंग्रजी 'आर्क'चा घोळ

इंग्रजीतून बायबलच्या गोष्टी ऐकणारी मुलं कधीतरी विचारून बसतात: नोहाची एवढी अवाढव्य बोट पुढे सोन्याची पेटी कशी झाली? त्यांचं काही चुकत नाही, इंग्रजीत दोन्हींना 'आर्क'च म्हणतात. मराठीत हा घोटाळा होत नाही. बायबलच्या 'उत्पत्ती' या पुस्तकात महापुरातून वाचवणारं नोहाचं तारू, 'निर्गम' या पुस्तकात देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवायचा कराराचा कोश, म्हणजे पेटी. संपलं.

मूळ हिब्रूतही शब्द दोनच आहेत. तारवाला 'तेवा', कोशाला 'आरोन'. घोळ घातला तो ग्रीक भाषांतराने. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ते झालं, आणि दोन्हींसाठी 'किबोतोस' हा एकच शब्द वापरला गेला. लॅटिनने त्याचं 'आर्का' केलं आणि इंग्रजीने तेच उचललं.

तेवा ३०० हात लांब, ५० हात रुंद, ३० हात उंच. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण ४५ सेंटिमीटर. म्हणजे लांबी जवळजवळ १३५ मीटर. तीन मजले, बाजूला एक दार, आतून-बाहेरून डांबर. पण या वर्णनात शीड नाही, सुकाणू नाही, वल्हंही नाही. नाव म्हणावी तर ती हाकायची कशी? ही मुळात तरंगणारी पेटी आहे, पाणी नेईल तिकडे जाणारी.

इथे मात्र मराठी वाचकाच्या हातून एक धागा निसटतो. 'तेवा' हा शब्द अख्ख्या हिब्रू बायबलमध्ये आणखी एकाच गोष्टीत येतो: मोशेची आई तीन महिन्यांच्या बाळाला लव्हाळ्याच्या ज्या टोपलीत घालून नदीकाठी ठेवते, तीही तेवाच! तिलाही डांबर फासलेलं, तीही पाण्यावर, तिच्याही आत वाचवायचा जीव. मराठीत एकीकडे तारू आणि दुसरीकडे टोपली किंवा पेटारा झाला, की हे नातं दिसेनासं होतं. बहुतेक आधुनिक इंग्रजी भाषांतरांतही तेच. मला हे नुकसान 'आर्क'च्या घोळापेक्षा मोठं वाटतं.

आरोन अगदीच वेगळा. अडीच हात लांब, दीड हात रुंद, तेवढाच उंच. घरातल्या जुन्या ट्रंकेएवढा. लाकूड बाभळीचं, मढवलेलं सोन्याने, तेही आतून आणि बाहेरून. वर दयासन, म्हणजे सोन्याचं झाकण, त्यावर पंख पसरलेले दोन करूब, म्हणजे देवदूतांसारख्या आकृती. आत देवाच्या दहा आज्ञा कोरलेल्या दगडी पाट्या. बाजूच्या कड्यांत घातलेले दांडे कधीच काढायचे नाहीत, अशी सक्त आज्ञा. तारू पाण्यावर सोडायचं, कोश माणसांनी खांद्यावर वाहायचा.

'आरोन'लाही एक जुळं आहे. उत्पत्तीच्या शेवटच्या वाक्यात योसेफ मरतो आणि मिसरात (इजिप्तमध्ये) त्याला आरोनात ठेवतात. तिथे अर्थ शवपेटी. पुढे इस्राएली लोकांना घेऊन मिसरातून निघताना मोशे योसेफाच्या अस्थी बरोबर घेतो. त्यावरून तालमूद या ज्यू धर्मग्रंथात एक गोष्ट आहे: रानातून दोन आरोन शेजारीशेजारी चालले होते. येणारेजाणारे विचारत, हे दोन कसले? एक मेलेल्या माणसाचा, एक देवाचा. मेलेल्याची पेटी देवाच्या शेजारी कशी? उत्तर मिळे, त्या पेटीत जे लिहून ठेवलंय, ते या पेटीतल्याने पाळलं होतं.