सायनसमध्ये अँटिबायोटिक पोचतच नाही?

'सायनसला (म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांना) रक्तपुरवठाच नसतो म्हणून गोळ्या तिथे पोचत नाहीत' हे कित्येक वर्षं फिरतंय, पण ते चूक आहे. सायनसच्या आतल्या अस्तराला रक्तवाहिन्या भरपूर असतात आणि औषध रक्तातून तिथे व्यवस्थित पोचतं. अडचण पुढे आहे, पोकळीत साचलेल्या घट्ट शेंबडात रक्तच नाही त्यामुळे तिथे औषध कमी जातं, शिवाय जंतू बायोफिल्म म्हणजे चिकट थर करून बसले की नेहमीचा डोस त्यांना पुरत नाही. आणि मुख्य म्हणजे १२ आठवड्यांच्या वर चाललेला सायनसचा त्रास बहुतेकदा सुजेचा आजार असतो, नुसत्या जंतूंचा नाही, म्हणूनच डॉक्टर आधी मिठाच्या पाण्याने नाक धुवायला आणि स्टेरॉइड स्प्रे मारायला सांगतात. त्यामुळे प्लीज, मनाने डोस वाढवू नका.