गाडीत साचलेलं पाणी: पावसाचं की एसीचं?

पुढच्या सीटसमोरचं कार्पेट ओलं लागलं की बहुतेक जण थेट पावसाला दोष देतात आणि काचेच्या कडेने सिलिकॉन भरायला घेतात. पण तिथे साचणारं पाणी दोन अगदी वेगळ्या वाटांनी येऊ शकतं. एक बाहेरून येणारं, म्हणजे पावसाचं किंवा गाडी धुतानाचं. दुसरं गाडीनेच तयार केलेलं, एसीचं. एकाचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही. एसीचा ड्रेन पाइप चोक झाला असेल, तर सगळी रबरं बदलूनही कार्पेट ओलंच राहणार. आणि पाणी दारातून येत असेल, तर एसीचं काम करून घेण्यात पैसे फुकट जाणार.

घोळ सर्वात जास्त होतो तो पावसाळ्यात. बाहेर पाऊस असतो, काचा आतून धुरकट होतात म्हणून एसी चालू असतो आणि हवा दमट असल्यामुळे एसीतूनही भरपूर पाणी निघत असतं. त्यामुळे ‘पाऊस पडला की गाडीत पाणी येतं’ हे निरीक्षण अगदी खरं असलं, तरी पाणी पावसाचंच आहे असं त्यातून ठरत नाही.

एसीचं पाणी तयार कसं होतं ते पाहू. डॅशबोर्डच्या मागे प्लास्टिकच्या खोक्यात कूलिंग कॉइल असते. थंड सरबताच्या ग्लासाला बाहेरून पाणी सुटतं, तसंच हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊन या कॉइलवर जमतं. ते खोक्याच्या तळाशी उतरतं आणि एका लहानशा रबरी पाइपातून गाडीखाली रस्त्यावर पडतं. एसी लावून उभ्या केलेल्या गाडीखाली जे थेंब पडताना दिसतात ते हेच, आणि ते पडायलाच हवेत. दमट हवेत लांबचा प्रवास झाला तर हे पाणी लिटरच्या हिशेबात जातं. या पाइपात धूळ, पानांचा चुरा, बुरशीचा चिकट थर अडकला की पाणी खोक्यात चढत जातं आणि सांध्यांमधून आत कार्पेटवर उतरतं. केबिन फिल्टर (आत येणारी हवा गाळणारी जाळी) न बसवता ब्लोअर, म्हणजे एसीचा पंखा, चालवला असेल तर हा कचरा लवकर साठतो. कधी पाइप चोक नसतोच. कार्पेटचं किंवा वायरिंगचं काम करताना तो जागेवरून निसटलेला असतो.

बाहेरच्या पाण्याला मात्र अनेक दरवाजे आहेत. वायपरखालच्या खोलगट जागेत पानं साठून तिथल्या निचऱ्याची भोकं बुजली की पाणी ब्लोअरच्या हवेच्या वाटेने थेट आत येतं. सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यांतून निघून छताला धरणाऱ्या खांबांच्या आतून खाली जाणाऱ्या नळ्या तुंबतात, मग छताचं कापड ओलं होतं किंवा खांबाच्या आतून पाणी ओघळतं. टेललॅम्पचं गॅस्केट, छतावरच्या अँटेनाचं बूड, फ्लोअरच्या पत्र्यातल्या भोकांची रबरी बुचं, पुढच्या काचेचं नीट न धरलेलं चिकट सील हे बाकीचे संशयित.

दाराबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे भल्याभल्यांची फसगत होते. दाराच्या काचेबाहेरची रबरी पट्टी पाणी पूर्ण अडवत नाही, तेवढी तिच्याकडून अपेक्षाही नसते. काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या पोटात उतरतं आणि दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. गाडीच्या आतल्या बाजूला त्याला अडवतो तो ट्रिमच्या, म्हणजे दाराच्या आतल्या आवरणाच्या, मागे चिकटवलेला प्लास्टिकचा पातळ पडदा. स्पीकर बसवताना किंवा काचेची मोटर दुरुस्त करताना हा पडदा सोलला जातो आणि पुन्हा चिकटवताना एखादा कोपरा सुटाच राहतो. मग दाराचं रबर नवंकोरं असलं तरी पाणी त्या कोपऱ्यातून ट्रिमच्या खालून आत येतं. तळाची भोकं चिखलाने बुजली असतील तर आणखी वाईट. दार हलवल्यावर आत पाणी खळखळलं, तर आधी ती भोकं मोकळी करा.

आता दोन्हींतला फरक ओळखायचा कसा? वेळेवरून अंदाज येतो. रात्रभर पावसात उभी राहिलेली गाडी सकाळी आतून ओली मिळाली तर पाणी बाहेरचं असण्याची शक्यता जास्त. कोरड्या दिवशी एसी लावून फिरल्यावर ओलं झालं तर एसीचं. पण एवढ्यावर विसंबू नका. खोक्यात साठलेलं एसीचं पाणी दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या वळणावर सांडू शकतं आणि छतात अडकलेलं पावसाचं पाणी ऊन पडल्यावर ब्रेक मारताना टपकू शकतं.

जागेवरूनही काही कळतं. एसीचं पाणी साधारणपणे पुढे, मधल्या कन्सोलच्या (दोन सीटमधल्या गिअरच्या भागाच्या) कडेला आणि बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरशेजारच्या बाजूला उतरतं. डिकीत स्पेअर चाकाच्या खड्ड्यात पाणी असेल तर एसीचा विचार सोडून द्या. अपवाद फक्त मागे वेगळी कूलिंग कॉइल असलेल्या मोठ्या गाड्यांचा. मात्र मागच्या सीटसमोर ओल असेल तर फसू नका. कार्पेटखालचा जाड थर पाणी शोषत ते पुढून मागे नेतो, त्यामुळे पाणी दिसतं तिथेच ते शिरलेलं असतं असं नाही.

खात्री करायची तर दोन्ही गोष्टी एकाच दिवशी तपासू नका. आधी कार्पेट उचलून खालचा पत्रा कोरडा करा. मग कोरड्या जागी गाडी उभी करून पंधरा-वीस मिनिटं एसी फुल ठेवा आणि खाली वाकून पाहा. दमट हवा असूनही गाडीखाली एक थेंब नाही आणि आत कन्सोलच्या कडेला ठेवलेला टिश्यू ओला होतोय, तर उत्तर मिळालं. पाइप मोकळा करताना खालून जोरात हवा मारू नका, त्याने तो आतून निसटू शकतो. मऊ नायलॉनची दोरी हळूच फिरवलेली बरी.

खाली पाणी नीट पडत असेल, तर एसी बंद ठेवून गाडीवर बाहेरून नळाच्या पाइपाने पाणी मारा. हाय प्रेशरचा वॉशर नको, तो धडधाकट सीलमधूनही पाणी आत घुसवतो. साधी धार घ्या, सुरुवात खालून करा आणि एका जागी काही मिनिटं थांबूनच वर सरका. आधी दाराचा खालचा भाग, मग काच, मग वायपरखालची जागा, शेवटी छत. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही. आत एक माणूस टॉर्च घेऊन बसलेला हवा. त्याने कार्पेटकडे न पाहता उघड्या पत्र्यावरचा पहिला ओघळ शोधायचा आणि तो ओघळ चढत्या दिशेने धरत जायचं. पत्र्यावर आधी टाल्कम पावडर भुरभुरवली तर ओघळाची रेघ स्पष्ट उठते.

ओल चिकट असेल, तिला गोडसर वास येत असेल आणि काचेवर आतून तेलकट थर बसत असेल, तर ते या दोन्हींपैकी कुठलंच पाणी नव्हे. हीटर कॉइलमधून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, गळतंय. इंजिन गार असताना कूलंटची पातळी बघा, कमी झाली असेल तर गाडी तशीच पळवू नका, इंजिन गरम होऊन मोठं नुकसान होईल.

कारण सापडून दुरुस्ती झाली, तरी कार्पेट वरून कोरडं दिसतंय म्हणून समाधान मानू नका. खालचा फोम बरेच दिवस पाणी धरून ठेवतो. तिथेच बुरशी धरते, पत्रा गंजतो आणि सीटखालून जाणाऱ्या वायरिंगच्या कनेक्टरना हिरवट थर चढतो. सीट सोडवून कार्पेट पूर्ण उचला, फोम दाबून पाणी काढा आणि पंख्याखाली हाताला कोरडा लागेपर्यंत ठेवा. परत बसवण्याआधी तीच पाण्याची चाचणी उघड्या पत्र्यावर पुन्हा करा. दुसरीकडून पाणी शिरत असेल तर ते तेव्हाच दिसेल, कार्पेट बसवल्यावर नाही.