थंडी मोजणारा कित्ता

चिनी सुलेखन शिकवणाऱ्या वर्गांत हिवाळ्यात एक कागद हातात पडतो. त्यावर नऊ मोठी अक्षरं असतात, पण नुसत्या कडा काढलेली, आतून पोकळ. रोज कुंचल्याने एकच रेघ भरायची. प्रत्येक अक्षराच्या रेघा नऊ, म्हणजे कागद भरायला ८१ दिवस. सुरुवात वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, २१-२२ डिसेंबरला. शेवटची रेघ पडते ती ११-१२ मार्चच्या सुमारास. या कागदाचं नाव ‘ज्यूज्यू श्याओहान तू’, म्हणजे ‘नऊ-नव्वे थंडी घालवणारं चित्र’.

हल्ली हा कागद ‘विद्वानांची कला’ म्हणून मांडला जातो. पण विद्वानांच्या हाती तो बराच उशिरा आला. मुळात होती ती साधी मोजणी. सहाव्या शतकात त्सुंग लिन याने मध्य चीनच्या सणवारांची नोंद केली, तीत लोक वर्षातल्या सर्वांत लहान दिवसापासून नऊ नव्वे एक्क्याऐंशी दिवस मोजतात आणि मग थंडी सरली असं धरतात, असा उल्लेख आहे. उत्तरेकडे याचं गाणंच आहे: पहिल्या-दुसऱ्या नवात (म्हणजे नऊ दिवसांच्या गटात) हात बाहेर काढवत नाही, तिसऱ्या-चौथ्यात गोठलेल्या नदीवरून चालावं, सातव्यात नदी मोकळी होते, आठव्यात रानहंस परततात. त्यानंतर बैल शेतात. हे शेतकऱ्याचं गणित, कवीचं नव्हे.

चित्र आलं ते मंगोल राजवटीच्या अखेरीस, चौदाव्या शतकात. यांग युनफू या कवीने लिहून ठेवलंय की बायका खिडकीवर प्लमच्या फुलांची एक फांदी चिकटवत आणि सकाळी साजशृंगार करताना त्याच लालीचा एक ठिपका फुलावर देत. ८१ ठिपके झाले की पांढरं प्लम जर्दाळूच्या फुलांसारखं गुलाबी दिसे. मला या साऱ्या इतिहासात हीच नोंद सर्वांत आवडते. शाई नाही, दौत नाही, बोटाला लागलेली लाली.

१६३५ सालच्या पेइचिंगच्या (बीजिंगच्या) एका वर्णनग्रंथात ८१ पाकळ्यांची कोरी फांदी आहेच, शिवाय नऊ-नऊ वर्तुळांचे छापील कागद गाण्यासकट बाजारात विकले जात, असंही आहे. वर्तुळांवर हवामानही टिपण्याची रीत होती: वरचा भाग रंगवला तर ढगाळ, खालचा तर ऊन, डावा वारा, उजवा पाऊस, मधोमध बर्फ.

राजवाड्यात याचं अक्षरलेखन झालं ते एकोणिसाव्या शतकात, डाओग्वांग सम्राटाच्या सुरुवातीच्या वर्षांत. त्याने निवडलेल्या नऊ अक्षरांचा अर्थ असा: ‘मंडपापुढचा लोंबता विलो जपून वाट पाहतो वसंतवाऱ्याची’. दरबारातले हानलिन (म्हणजे शाही विद्यापीठातले) पंडित रोज एक रेघ भरत आणि बारीक अक्षरात त्या दिवशीचं ऊन-पाऊस नोंदवत. वर मथळा होता ‘क्वानछंगमध्ये वसंत भरला’. क्वानछंग हे कुंचल्याचं टोपणनाव. थांग राजवटीच्या काळातल्या हान यू या लेखकाने कुंचल्याचं थट्टेखोर चरित्र लिहून त्याला क्वानछंगचा जहागीरदार केलं होतं, तेव्हापासूनचं.

पोकळ अक्षर भरण्याची युक्तीही नवी नव्हती. जुन्या उस्तादांच्या लेखनाच्या नकला अशाच, आधी कडा काढून मग शाई भरून, केल्या जात. चिनी मुलंही लाल छापील अक्षरांवर शाई फिरवून शिकतात. आपण ‘कित्ता गिरवणं’ म्हणतो तेच. फरक इतकाच की हा कित्ता एका बैठकीत संपवायचा नसतो. हौशी माणसाची पंचाईत तिथेच होते. दहाव्या दिवशी विसर पडतो आणि अकराव्याला दोन रेघा एकदम ओढल्या जातात.

एक अडचण मात्र आधुनिक आहे. शेवटचं अक्षर ‘फंग’, म्हणजे वारा. जुन्या लिपीत त्याच्या नऊ रेघा. १९५० च्या दशकात लिपी सोपी केली तेव्हा चारच उरल्या. त्यामुळे सोपी लिपी शिकलेल्या मुलालाही या कागदावर जुनंच ‘फंग’ गिरवावं लागतं, नाहीतर वसंताचा वारा पाच दिवस आधीच सुटायचा.