निबिरू (कल्पित ग्रह)

पृथ्वीच्या रोखाने एक मोठा ग्रह येत असून तो लोकांपासून दडवून ठेवण्यात आला आहे, आणि तो पृथ्वीवर आदळून किंवा तिच्या अगदी जवळून जाऊन जगाचा अंत घडवील, अशा दाव्यांत त्या ग्रहाला दिले जाणारे नाव. त्याला ‘प्लॅनेट एक्स’ किंवा ‘क्ष-ग्रह’ असेही म्हणतात. अशा ग्रहाचा एकही वेध आजवर कोणी घेतलेला नाही. तरीही १९९५ पासून हा दावा निरनिराळ्या तारखांसह पुनःपुन्हा डोके वर काढत आला आहे आणि त्याला उत्तरे देण्यात खगोलशास्त्रज्ञांचा बराच वेळ गेला आहे. ‘हे सारे थोतांड आहे’ एवढे म्हणून हा वाद मिटत नाही, याचे कारण दाव्याच्या जडणघडणीत आहे. त्यातील बहुतेक तुकडे खऱ्या संशोधनातून उचललेले आहेत, त्यामुळे कोणता तुकडा कोठून आला आणि मूळ ठिकाणी त्याचा अर्थ काय होता, हे पाहावे लागते.

‘क्ष-ग्रह’ हा शब्द प्रथम एका रीतसर शोधमोहिमेसाठी वापरला गेला. युरेनसच्या गतीतील विसंगतीवरून फ्रेंच गणिती ल व्हेरिए यांनी गणित मांडले आणि २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिन येथे योहान गाले यांना त्या गणिताच्या आधारे नेपच्यून सापडला. त्यानंतरही युरेनसच्या गतीत थोडी तफावत उरते असे दिसल्याने अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ पर्सिव्हल लॉवेल यांनी १९०६ मध्ये नेपच्यूनपलीकडील ग्रहाचा शोध सुरू केला. त्या अज्ञात ग्रहाला त्यांनी क्ष हे नाव दिले. लॉवेल यांच्याच वेधशाळेत क्लाइड टॉमबॉ यांनी १८ फेब्रुवारी १९३० रोजी प्लूटो शोधून काढला, पण तो तफावत घडवून आणण्याइतका जड आहे का, ही शंका तेव्हापासूनच होती. १९७८ मध्ये प्लूटोचा उपग्रह शॅरन सापडला आणि प्लूटोचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे पाचशेव्या हिश्श्याइतकेच आहे, हे स्पष्ट झाले. साहजिकच आणखी एखादा ग्रह असावा या विचाराने काही काळ पुन्हा उचल खाल्ली. मात्र १९८९ मध्ये व्हॉयेजर २ हे यान नेपच्यूनजवळून गेले, त्यावरून नेपच्यूनचे वस्तुमान आधीच्या अंदाजापेक्षा सुमारे अर्ध्या टक्क्याने कमी ठरले, आणि ही सुधारित संख्या घेऊन माइल्स स्टँडिश यांनी १९९३ मध्ये गणित पुन्हा केले तेव्हा युरेनसच्या गतीतील तफावत उरलीच नाही. लॉवेल यांच्या क्ष-ग्रहाची गरज तेथेच संपली. प्रलयाचा दावा पुढे आला तो यानंतर दोन वर्षांनी, हा कालक्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

दुसरा तुकडा १९८३ मधील आहे. त्या वर्षी सोडलेल्या आयरास या उपग्रहाने अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या, उष्णतेच्या) प्रारणांत जवळजवळ संपूर्ण आकाशाची पाहणी केली. तीत ओळख न पटलेले काही स्रोत आढळले. शास्त्रज्ञांनी त्यांविषयी ज्या अनेक शक्यता बोलून दाखवल्या, त्यांत सूर्यमालेच्या कडेला असलेला गुरूएवढा पिंड ही एक होती. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने ३० डिसेंबर १९८३ रोजी हीच शक्यता पहिल्या पानावर ठळकपणे छापली. पुढील निरीक्षणांत ते स्रोत म्हणजे मुख्यतः अतिशय दूरच्या दीर्घिका (गॅलेक्सी) असल्याचे निष्पन्न झाले, पण या निष्कर्षाला पहिल्या पानाचे भाग्य लाभले नाही. आजही ते जुने कात्रण ‘तेव्हा सापडला आणि मग दडवला’ याचा पुरावा म्हणून दाखवले जाते. ज्या गोष्टीची बातमी अमेरिकेच्या राजधानीतील वृत्तपत्राने दिली ती दडवली कशी, हा प्रश्न कात्रण दाखवणाऱ्यांना सहसा पडत नाही.

निबिरू हे नाव मात्र मेसोपोटेमियातून आले आहे. तेथील प्राचीन अक्कडियन भाषेत त्याचा अर्थ नदी ओलांडण्याची जागा, म्हणजे उतार, असा होतो. बॅबिलोनियन ग्रंथांत ते मार्डुक या देवाशी निगडित असलेल्या आकाशस्थ ज्योतीचे नाव असून ती ज्योत बहुतेक ठिकाणी गुरू ग्रह असल्याचे अभ्यासक मानतात. लेखक झकारिया सिचिन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात या नावाला निराळाच अर्थ दिला: निबिरू हा सूर्याभोवती ३,६०० वर्षांत एक फेरी पूर्ण करणारा ग्रह असून तेथील रहिवासी प्राचीन काळी पृथ्वीवर आले होते, असे त्यांचे म्हणणे होते. क्यूनिफॉर्म या मेसोपोटेमियातील प्राचीन लिपीच्या अभ्यासकांना हे वाचन मान्य नाही. मेसोपोटेमियातील ज्योतिर्विदांना डोळ्यांनी दिसणारे पाच ग्रह माहीत होते आणि त्यांनी त्यांच्या उदयास्तांच्या नोंदी काटेकोरपणे ठेवल्या. शनीपलीकडच्या ग्रहाचा उल्लेख त्यांत नाही. प्रलयाची नजीकची तारीख सिचिन यांनी स्वतः दिलेली नव्हती, आणि त्यांच्या नावावर ती खपवली जाऊ लागली तेव्हा त्यांनी तिच्याशी संबंध नाकारला.

तारीख आणि भीती यांची भर घातली ती अमेरिकेतील नॅन्सी लीडर यांनी. परग्रहवासीयांकडून आपल्याला संदेश मिळतात असे सांगत त्यांनी १९९५ मध्ये आपले म्हणणे मांडायला सुरुवात केली. हेल-बॉप धूमकेतू अस्तित्वातच नाही, तो एक दूरचा तारा असून येणाऱ्या ग्रहावरून लोकांचे लक्ष हटवण्यासाठी त्याचा गाजावाजा चालला आहे, हे त्यांचे सुरुवातीचे एक विधान होते. १९९७ च्या वसंतात तो धूमकेतू शेपटीसह कित्येक आठवडे जगभरच्या लोकांना नुसत्या डोळ्यांनी दिसला. यानंतर ग्रहाच्या आगमनाची तारीख मे २००३ ही सांगण्यात आली. तीही उलटल्यावर, सत्ताधाऱ्यांची दिशाभूल करण्यासाठी आपण मुद्दाम खोटे सांगितले होते, असा खुलासा आला. हा खुलासा वादाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे पुढची कोणतीही चुकलेली तारीख दाव्याला बाधक ठरेनाशी झाली.

नंतर हा ग्रह माया कालगणनेला जोडला गेला. त्या कालगणनेतील तेरावे बाकतून (सुमारे ३९४ वर्षांचा कालखंड) २१ डिसेंबर २०१२ च्या सुमारास पूर्ण होत होते. तो एका मोठ्या कालखंडाचा शेवट होता, आणि त्या दिवशी एखादा ग्रह येणार असे माया शिलालेख सांगत नाहीत. नासातील ज्येष्ठ शास्त्रज्ञ डेव्हिड मॉरिसन लोकांच्या प्रश्नांना उत्तरे देत असत. या एकाच विषयावर त्यांच्याकडे हजारो प्रश्न आले. पत्रे लिहिणाऱ्यांत शाळकरी मुलेही होती आणि काहींनी आत्महत्येचा विचार बोलून दाखवला होता. या विषयाकडे केवळ करमणूक म्हणून पाहणाऱ्यांनी ही बाजू विसरू नये. ‘ते नाकारतात, म्हणजेच ते लपवतात’ असा अर्थ काढला जाईल या धास्तीने शास्त्रीय संस्था अशा दाव्यांना उत्तर देण्याचे टाळतात, परंतु उत्तर न दिल्यास घाबरलेल्या माणसाच्या हाती फक्त दावा करणाऱ्याचेच म्हणणे उरते. मॉरिसन यांनी उत्तरे देत राहण्याचा मार्ग पत्करला.

वादातील कळीचा शब्द ‘लपलेला’ हा आहे. ग्रह लपू शकतो का, या प्रश्नाला साध्या गणिताने उत्तर देता येते. ३,६०० वर्षांचा परिभ्रमणकाळ गृहीत धरल्यास परिभ्रमणकाळ आणि अंतर यांची सांगड घालणाऱ्या केप्लरच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे त्या ग्रहाचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर सुमारे २३५ खगोलीय एकके येते. पृथ्वी आणि सूर्य यांच्यातील सरासरी अंतर म्हणजे एक खगोलीय एकक. पृथ्वीपर्यंत पोचायचे तर त्याची कक्षा अतिशय लांबट असावी लागेल आणि तिचे दूरचे टोक सुमारे ४७० एककांवर जाईल. अशा कक्षेत सूर्याकडे येणारा पिंड नेपच्यूनच्या अंतरावरून पृथ्वीच्या अंतरापर्यंत यायला बारा वर्षांहून थोडा अधिक काळ घेतो, शनीच्या अंतरावरून सुमारे दोन वर्षे आणि गुरूच्या अंतरावरून सुमारे दहा महिने. याचा अर्थ २०१२ च्या डिसेंबरात येऊ घातलेला ग्रह २००० सालापासून नेपच्यूनच्या कक्षेच्या आत असायला हवा होता. सेडना ही सुमारे हजार किलोमीटर व्यासाची वस्तू २००३ मध्ये सापडली तेव्हा ती ९० एककांच्या आसपास, म्हणजे नेपच्यूनच्या तिप्पट अंतरावर होती. इतकी लहान वस्तू इतक्या दूर दिसते, तर तिच्याहून कैक पटींनी मोठा ग्रह त्याहून जवळ असताना दिसला नाही, हे संभवत नाही. पृथ्वीएवढा ग्रह गुरूच्या अंतरावर आला तर तो नुसत्या डोळ्यांनीही दिसू लागेल.

तो सूर्याच्या आड आहे, हे यावरचे नेहमीचे प्रत्युत्तर. पृथ्वी सूर्याभोवती रोज साधारण एक अंश सरकते, त्यामुळे एखादी वस्तू कायम सूर्याआड राहायची असेल तर तिलाही नेमक्या त्याच गतीने समोरच्या बाजूला फिरावे लागेल, आणि तसे फिरणारी वस्तू पृथ्वीकडे येत नसते. शिवाय २००६ मध्ये सोडलेली स्टीरिओ ही दोन याने फेब्रुवारी २०११ मध्ये सूर्याच्या परस्परविरुद्ध बाजूंना पोचली होती, आणि सूर्याची पलीकडची बाजूही तेव्हा दिसत होती. तो फक्त दक्षिण ध्रुवावरून दिसतो, असेही सांगितले जाते. पण ध्रुवावरून दिसणारे दक्षिण आकाश ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि चिली येथूनही दिसते आणि तेथील हौशी निरीक्षक दर रात्री ते न्याहाळत असतात.

गुप्ततेचा आरोपही येथेच अडखळतो. आकाशावर पहारा बसवता येत नाही. अनेक धूमकेतू हौशी निरीक्षकांनी शोधलेले आहेत, नव्या वस्तूचा वेध लागला की तिची स्थाने जगभर कळवली जातात, आणि त्यावरून कक्षा कोणालाही काढता येते. डिसेंबर २०१० मध्ये सापडलेल्या एलेनिन धूमकेतूचे उदाहरण बोलके आहे: त्याच्या नावातील अक्षरांत विनाशाचा संकेत शोधून तोच निबिरू असल्याचे सांगितले गेले, आणि २०११ च्या उत्तरार्धात सूर्याजवळ येताना तो धूमकेतू विरून गेला, हे सगळे सर्वांच्या डोळ्यांदेखत घडले.

त्याहून मोठा आक्षेप गुरुत्वाकर्षणाचा आहे. सूर्यमालेचे वय सुमारे साडेचारशे कोटी वर्षे धरले तर ३,६०० वर्षांनी येणारा ग्रह आतापर्यंत बारा लाखांहून अधिक वेळा आतील ग्रहांमधून गेला असता. पृथ्वीची कक्षा आज जवळपास वर्तुळाकार आहे आणि चंद्र तिच्याभोवती शाबूत आहे. इतक्या भेटींनंतर या दोन्ही गोष्टी शिल्लक राहणे कठीण. गुरूच्या ओढीमुळे त्या ग्रहाचीही कक्षा प्रत्येक फेरीत बदलली असती, त्यामुळे ३,६०० हा ठराविक आकडा टिकून राहण्यासारखा नव्हता.

सूर्याशेजारी ‘दुसरा सूर्य’ दाखवणारी छायाचित्रे बहुधा भिंगातील अंतर्गत परावर्तनाची असतात. कॅमेरा किंचित वळवला की तो ठिपका सूर्याच्या तुलनेत जागा बदलतो. काही चित्रांत हवेतील हिमस्फटिकांमुळे उमटणारे प्रतिसूर्य असतात. व्ही ८३८ मोनोसेरोटिस या ताऱ्याभोवतीच्या प्रकाशवलयाचे प्रसिद्ध चित्रही निबिरूचे म्हणून फिरले; तो तारा हजारो प्रकाशवर्षे दूर आहे.

दावा करणाऱ्यांकडे एक प्रश्न मात्र सकस आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर द्यावे लागते: १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्कवर फुटलेली उल्का कोणालाच आधी का दिसली नाही? ती खरोखरच सूर्याच्या दिशेने आली होती आणि त्या झगमगाटात दुर्बिणींना दिसली नाही. फुटलेल्या काचांमुळे हजाराहून अधिक लोक जखमी झाले. पण तिचा व्यास सुमारे २० मीटर होता. काही हजार किलोमीटर व्यासाच्या ग्रहाचा परावर्तित प्रकाश याच्या अब्जावधी पट असतो आणि तो कित्येक वर्षे आधीपासून दिसतो. लहान लघुग्रहांचा धोका खरा असून त्यांच्या शोधासाठी स्वतंत्र पाहण्या चालू आहेत. त्यांच्या आधाराने निबिरूचा धोका सिद्ध होत नाही, इतकेच.

वाइज या अवरक्त दुर्बिणीच्या पाहणीतून केव्हिन लूमन यांनी २०१४ मध्ये काढलेला निष्कर्ष असा की, शनीएवढा पिंड १०,००० खगोलीय एककांपर्यंत आणि गुरूएवढा पिंड २६,००० एककांपर्यंत आढळत नाही. तरीही सप्टेंबर २०१७ साठी नवी तारीख निघाली. डेव्हिड मीड यांनी २१ ऑगस्टच्या सूर्यग्रहणापासून ३३ दिवस मोजून ती २३ सप्टेंबर ठरवली, आणि ती टळल्यावर ऑक्टोबरकडे बोट दाखवले. २३ सप्टेंबर हा नेपच्यूनच्या शोधाचाही दिवस, हा योगायोग कोणी साधून घेतला नाही, याचे नवल वाटते.

या सुमारास दाव्याला नवा आधार मिळाला होता. कॉन्स्टँटिन बाटिगिन आणि माइक ब्राउन यांनी जानेवारी २०१६ मध्ये, नेपच्यूनपलीकडील काही वस्तूंच्या कक्षा एकाच बाजूला कललेल्या दिसतात यावरून, पृथ्वीच्या सुमारे दहापट वस्तुमानाचा ‘नववा ग्रह’ असावा असे सुचवले. काही संशोधकांच्या मते हा कल निरीक्षणांतील निवडीमुळे भासतो, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. लूमन यांच्या मर्यादेत शनीहून लहान असा ग्रह बसू शकतो, त्यामुळे दोन्ही निष्कर्षांत विरोध नाही. मात्र या प्रस्तावित ग्रहाची कक्षा त्याला सूर्याच्या सर्वांत जवळच्या बिंदूपाशीही शेकडो खगोलीय एकके दूर ठेवते; नेपच्यून ३० एककांवर आहे. चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळेच्या पाहणीत त्याचा शोध लागला, तर त्याची स्थाने आणि कक्षा इतर वस्तूंप्रमाणेच जाहीर होतील.